क्यूच्या मागे यू नको

कोथरूडच्या सोसायट्यांत, सदाशिव पेठेतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत आणि सकाळी कमला नेहरू पार्कातल्या बाकांवर एक गृहस्थ हमखास सापडतो. बँकेतून किंवा विम्यातून निवृत्त, मुलगा न्यू जर्सीला, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याला सगळे काका म्हणतात. काका इंग्रजी बोलत नाहीत. वेळ आलीच तर ‘ॲक्चुअली’ म्हणून सुरुवात करतात आणि वाक्य मराठीत पुरं करतात. पण ज्यात क्यू आहे आणि त्याच्या मागे यू नाही, असे इंग्रजी शब्द किती, एवढं त्यांना विचारून बघा.

“फकीर,” काका एक बोट मिटतात. “तलाक. नकाब. काझी, तोही क्यूनं. आणि कव्वाली!”

“काका, हे इंग्रजी?”

या प्रश्नाचीच ते वाट बघत असतात. “कॉलिन्समध्ये आहे,” असं म्हणून ते गप्प बसतात. कॉलिन्स म्हणजे स्क्रॅबल खेळणाऱ्यांची शब्दयादी. पावणेतीन लाखांहून जास्त शब्द, आणि त्यातला कुठलाही कुठल्याही संभाषणात वापरायची सक्ती नाही. अर्थाशी काकांना काडीचं कर्तव्य नसतं. ‘क्यू-आय’ असा दोन अक्षरी शब्द त्यांनी मांडला तेव्हा मी विचारलं, याचा अर्थ काय? काका म्हणाले, “अकरा गुण.”

स्क्रॅबलचा इतिहास मात्र त्यांना तोंडपाठ असतो. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाचं काम सुटलं. त्यानं वर्तमानपत्रं समोर घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या नि गुण ठरवले. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा, आणि क्यू एकच, दहा गुणांचा. बेकार माणसानं शोधलेला खेळ निवृत्त माणसानं खेळावा यात काकांना एक नैसर्गिक न्याय दिसतो. खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव 1948 साली मिळालं. त्याच साली आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं, आणि तीसहून अधिक खंड छापूनही विद्वान मंडळी ‘अ’च्या बाहेर पडलेली नव्हती. काकूंनी कधी “अजून त्या एका अक्षरावरच का?” असं विचारलं, की काका हा दाखला पुढे करतात.

काकांचं खरं स्वप्न कव्वालीचं. सात अक्षरं, म्हणजे हातातल्या सगळ्या सोंगट्या एका दमात लागून पन्नास जादा. मूळचे बावीस धरून बहात्तर. एकच अडचण. संपूर्ण संचात डब्ल्यू दोनच असतात आणि कव्वालीला दोन्ही लागतात. सवाईच्या संगीत महोत्सवाला वर्षानुवर्षं सतरंजी टाकून जागा धरणाऱ्या या गृहस्थानं कव्वाली ऐकलेली नाही. ऐकायची इच्छाही नाही. फक्त एकदा लागली पाहिजे.

स्क्रॅबलमध्ये समोरच्याच्या शब्दावर हरकत घेता येते. माझ्या मते पुण्याच्या मातीत हा खेळ रुजला तो या एका कलमामुळे. जिंकण्यात काकांना फारसा रस नाही. समोरचा चुकला हे सिद्ध होण्यात आहे, आणि तेही छापील पुराव्यानिशी. स्वतःचा शब्द मात्र यादीत नसला, तर यादीची आवृत्ती जुनी असते.

शब्दखेळांची ही खोड घराण्यातली. काकांचे काका पूर्वी बक्षिसाची इंग्रजी शब्दकोडी भरून पाठवायचे. त्या काळी या कोड्यांवर एवढे पैसे लागत की 1955 साली थेट संसदेला कायदा करावा लागला. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवण्याच्या कोड्यांवर महिन्याला एकूण हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसं द्यायची नाहीत, असं त्यात लिहिलं. आमच्या घराण्याला आवर घालायला दिल्लीला कायदा करावा लागला, असं काका सांगतात तेव्हा आवाजात शनिवारवाड्याचा रुबाब असतो. (काकू मराठी शब्दकोडं भाजी चिरता चिरता सोडवतात, पेनानं. काका पेन्सिलीनं. या विषयावर घरात बोलायचं नाही.)

2021 साली वर्डल आलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर हिरव्या-पिवळ्या चौकोनांची रांगोळी पडू लागली. पाच अक्षरं, सहा संधी. काकांना सहावीत जमलं तर ते ‘सुटलं’ एवढंच कळवतात. तिसरीत जमलं की चौकोन येतात.

पण काकांचा अस्सल खेळ फुकटचा आहे आणि तो रस्त्यावर चालतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहायचं, पुढच्या गाडीच्या पाटीवर ‘एमएच 12’नंतरची दोन अक्षरं बघायची आणि ती त्याच क्रमानं येणारा शब्द सिग्नल सुटायच्या आत सांगायचा. जे आणि झेड? जॅझ. के आणि पी? कीप. एकदा एच आणि क्यू आले. भाच्याच्या स्कूटरवर मागे बसलेले काका त्याच्या कानात “हेडक्वार्टर्स!” असं ओरडले आणि भाच्यानं हिरव्या सिग्नलला ब्रेक मारला. मागच्या माणसानं जे शब्द काढले ते कॉलिन्समध्ये नाहीत.

याच खेळात त्यांना एक शोध लागला. पाट्यांवरच्या त्या दोन अक्षरांत आय आणि ओ कधी येत नाहीत, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. पाच स्वरांतले दोन सरकारनं परस्पर कापले! काकांनी तीन प्रतींत अर्ज लिहायला घेतला. नागरिकांच्या गैरसोयीसाठी इंग्रजी शब्द हवा होता, म्हणून त्यांनी कागदावर ‘इनकन्व्हिनियन्स’चं स्पेलिंग मांडलं आणि खुर्चीतून उठले. दोन आय, एक ओ!

अर्ज अजून टेबलावरच आहे. काका आता आय आणि ओ दोन्ही असलेल्या तक्रारींची यादी करताहेत.