पाच रात्री, सहा दिवस

पुण्याहून आलेल्या माणसाला आम्ही साधारण तिसऱ्या दिवशी फो, म्हणजे व्हिएतनामी शेवयांचा रस्सा, खायला नेतो. तोवर सोबत आणलेल्या गुळाच्या पोळ्या संपलेल्या असतात. शिवाय अमेरिकेतल्या आमच्या सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती लाखाच्या वर, त्यामुळे फोचं दुकान शोधावं लागत नाही, ते वाटेत येतंच. एका बाजूला नखं रंगवून देणारं पार्लर, दुसऱ्या बाजूला लाँड्री आणि मधे आठ टेबलांचं हे दुकान. काका गाडीतून उतरले आणि पाटीही न वाचता म्हणाले, "हे काही खरं नव्हे."

काका फेब्रुवारीत व्हिएतनामला जाऊन आले होते.

'जाऊन आलेले' ही आपल्याकडची एक स्वतंत्र जमात आहे. पूर्वी काशीला जाऊन आलेले असत. ते निदान एखादं फळ, एखादी भाजी तिथे सोडून यायचे. हे काहीच सोडत नाहीत. मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून तर व्हिएतनामला जाऊन आलेले गल्लोगल्ली भेटतात. पाच रात्री, सहा दिवस. हनोई, हालोंग बे, कू चीची भुयारं, दा नांगजवळचा तो दोन अजस्र हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल. हात दगडी दिसतात, पण आहेत फायबरचे. ही माहिती काकांनी मला विमानतळावरच, बॅगा येण्याआधी दिली होती.

"फो म्हणायचं नाही," काका बसता बसता म्हणाले. "फऽऽ? असं. प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा." हे मात्र बरोबर आहे. अडचण एवढीच, की काकांनी तो शब्द म्हटला की दर वेळी आजूबाजूची माणसं उत्तर द्यायला वळत होती.

दुकानाच्या नावात 75 हा आकडा होता. काकांच्या मते तो पत्ता. मी सांगितलं, की अशा दुकानांच्या नावातला आकडा पुष्कळदा साल असतो. 1975 म्हणजे सायगॉन पडलं ते, 54 असेल तर देशाची फाळणी झाली ते. उत्तरेकडून लाखो माणसं दक्षिणेत आली तेव्हा फोसुद्धा त्यांच्याबरोबर तिकडे रुजला. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या गाइडनं असं काही सांगितलं नाही." विषय संपला.

मेनूत बीफचेच डझनभर प्रकार. काकांनी ते पान वर्तमानपत्रातल्या निविदांसारखं उलटलं आणि चिकनवर बोट ठेवलं. वाडग्याचे आकार तीन: लहान, मोठा आणि सगळ्यात मोठा तो 'से लुआ', म्हणजे आगगाडी. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. पुढचं सांगायला नको.

काकूंची पौर्णिमा होती. मालकीणबाई ऑर्डर घ्यायला आल्या तेव्हा काकू आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "टुडे फुल मून. नो फिश, नो चिकन."

बाईंचा चेहरा उजळला. "चाय!"

"चहा नंतर," काका म्हणाले.

चाय म्हणजे शाकाहारी. बाईंनी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांचाही आज चायच. चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस, आज त्यांच्याकडेही मांस-मासे वर्ज्य. मग त्या दोघींमध्ये इंग्रजीच्या तुटपुंज्या भांडवलावर जे काही बोलणं झालं, त्यात काकांना शिरायला फट मिळाली नाही. तरी त्यांनी मला बाजूला सांगून ठेवलं, "तिकडे फिश सॉसशिवाय काही नसतं. हिला काहीच चालणार नाही."

वाडगे आले. वाफेत तोंड धरून काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आपल्या गोड्या मसाल्यातलं बादियान! आणि दालचिनी." काका तोवर लिंबू, मोड, तुळशीच्या भावकीतला पाला, हिरव्या मिरचीच्या चकत्या, दोन्ही बाटल्यांमधले सॉस असं सगळं एकदम वाडग्यात लोटून मोकळे झाले होते. "हनोईत अशी पाल्याची ताटली देत नाहीत," असं म्हणत. (हेही खरंच. ही दक्षिणेकडची रीत. काकांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, हीच तर पंचाईत.) मग चॉपस्टिक्स. पहिल्या शेवया टेबलावर, दुसऱ्या शर्टावर. तिसऱ्यांदा काकांनी काटा मागवला.

"2016 साली ओबामा हनोईत बुन चा जेवले, ते टेबल आता काचेत ठेवलंय. आम्ही पाहिलं," काका म्हणाले.

"बसमधून," काकू म्हणाल्या.

"तुम्ही खाल्लंत का बुन चा?" मी विचारलं.

काका रश्शात गुंतले होते. उत्तर काकूंनी दिलं. "अरे, सहाही दिवस पनीर आणि नान. टूरबरोबर महाराज होता ना! ह्यांचा हा पहिलाच फो."

आगगाडी पूर्ण रिकामी झाली. बिल द्यायला आम्ही गल्ल्यापाशी गेलो. काकांनी बाईंना विचारलं, तुम्ही हनोईच्या का? बाई म्हणाल्या, सायगॉनच्या. लहानपणी होडीतून निघाले, त्यानंतर परत जाणं झालं नाही.

"कधीच नाही?" काका हेलावले. खिशातून टूरवाल्याचं कार्ड काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवलं. "एकदा जाऊन याच. पाच रात्री, सहा दिवस. आणि जेवणाची बिलकूल काळजी करू नका. तिथे सगळीकडे आपलं इंडियन मिळतं."