केळं सोडून काहीही आणा

(चोपडा. केळीच्या बागेच्या बांधावर ट्रक भरला जातोय. सावलीत बागाईतदार आणि निवृत्त गुरुजी.)

बागाईतदार : पोरानं फ्लोरिडात मासे धरायला बोट ठरवलीय, गुरुजी. कप्तानाचा निरोप काय, तर जेवण आणा, थंड काय ते आणा, केळं तेवढं नको! केळं बोटीत आलं की म्हणे मासा लागत नाही. चोपड्याच्या माणसाला असं सांगायचं? केळीची कांदेबाग घालवतो, पण ऐकून घेत नाही. तिथल्याच दुकानातली फणी घेऊन चढतो की नाही बघा.

गुरुजी : चढा, पण भांडण कशाशी आहे ते आधी बघा. हवाई-फ्लोरिडाकडच्या हौशी मासेमारीच्या बोटींवर हा नेम जुना आहे. कारणं मागाल तेवढी मिळतात. कुणी म्हणतं, पूर्वी केळ्यांची जहाजं माल नासू नये म्हणून सुसाट धावायची, मग गळाला काय लागणार? कुणी म्हणतं, घडात कोळी-विंचू यायचे. कुणी म्हणतं, पिकत्या केळ्याच्या वायूनं शेजारची फळंही पिकून जायची. हे शेवटचं तुम्हाला मी काय सांगावं! पण यातलं एकही या नेमाचं मूळ म्हणून सिद्ध नाही. आणि तुमचीच केळी न्हावाशेव्याहून तेरा-चौदा अंशांच्या थंड कंटेनरात आखातात जातात, एकही जहाज त्यापायी बुडालेलं नाही.

बागाईतदार : मग झालं की! खोटं ते खोटं.

गुरुजी : खोटंच. पण खोटं उगवतं कुठं ते बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. आतल्या उथळ खाडीत मासा हमखास मिळे, तिथं मंत्रतंत्र नव्हतं. तीच माणसं खुल्या समुद्रावर निघाली की, जिथं मासाही बेभरवशाचा आणि जीवही, तिथं मंत्रांशिवाय पान हलत नसे. लांब कशाला जाता? पाटाचं पाणी येतं तेव्हा तुम्ही कुणाला बोलावता? कुणालाच नाही. बोअर मारायची ठरली की मात्र पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन बांधाबांधानं फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची खूण. दोनशे फुटांवर पाणी की फुफाटा, हे कुणाच्या हातात नसतं, म्हणून नारळ हातात येतो.

बागाईतदार : (नारळाकडं विषय गेल्यानं चुळबुळत) ते वेगळं. आणि इथं मी पैसे मोजलेत.

गुरुजी : बोअरच्या गाडीवाल्यालाही तुम्हीच मोजता. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडूहून आलेला तो माणूस जमिनीखालचं तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. तरी नारळ फुटेस्तोवर मशीन बंद ठेवून गुमान उभा राहतो. का? शेत तुमचं, बुडाले तर पैसे तुमचे. बोटीवर तर जिवाचा मामला. वादळात कुणी कुठं बसायचं ते कप्तान सांगणार. त्याचं आणि गड्याचं लक्ष तुमच्या फणीत अडकलं, तर केळं खोटं असूनही धोका खरा होतो. पैशानं तुम्ही जागा घेतली, सुकाणू नाही. आणि एक दिवस केळं न खाल्ल्यानं जातं काय?

बागाईतदार : वा! शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचे ते तुम्हीच ना? असं मानत बसलो तर उद्या कप्तान म्हणेल, बाई बोटीवर अपशकुनी, सूनबाईला धक्क्यावर ठेवा.

गुरुजी : तसा समज खरंच होता खलाशांत, आणि तिथं मी तुमच्या बाजूनं. वस्तू घरी ठेवा म्हटलं तर ठेवायची. माणूस घरी ठेवा म्हटलं तर बोटच रद्द करायची, तीही किनाऱ्यावरूनच, भर समुद्रात वाद घालून नव्हे. आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा फसवणुकीला, अघोरीपणाला धरतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या कोळ्याच्या मागं लागत नाही.

बागाईतदार : बरं, राहिली फणी. (पिशवी चाचपत) वेफर्स चालतील ना?

गुरुजी : कसले?

बागाईतदार : ...आपलेच. केळ्याचे. चार किलो.

गुरुजी : काही कप्तान केळ्याचं नाव असलेलं सनस्क्रीनसुद्धा चालू देत नाहीत, आप्पा. तळल्यानं केळ्याची जात बदलते का?

बागाईतदार : आता बॅगेतून काढले तर बायको विचारेल, का काढले.

गुरुजी : मग एक पाकीट इथंच फोडा. बाकीचे पोराच्या घरी ठेवा, बोटीवर नको.

(पाकीट फुटतं. ट्रकवाला निघता निघता थांबतो, पुढं टांगलेलं लिंबू-मिरची वाळलेलं बघून नवं बांधतो. गुरुजी वेफर्स खात गप्प राहतात.)