जेद्दा टॉवरच्या विकासक महाशयांस अनावृत पत्र

प्रति,
विकासक महाशय,
जेद्दा टॉवर, ओभूर परिसर, जेद्दा.

विषय : मुदत उलटलेल्या कंत्राटदाराशी कसे वागावे, याचा वस्तुपाठ घालून दिल्याबद्दल अभिनंदन.

मुदतीत काम न उरकणाऱ्या कंत्राटदाराचे काय करावे, हा प्रश्न घराच्या गिलाव्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत सर्वत्र पडत आला असून, त्याचे उत्तर करारनाम्यात सापडते असा एक भाबडा समज अद्याप टिकून आहे. विकासक महाशयांनी तो समज जगातील सर्वांत उंच ठरणाऱ्या इमारतीच्या साक्षीने खोडून काढला. ऑगस्ट २०११ मध्ये सौदी बिनलादिन समूहाशी सुमारे ४.६ अब्ज रियालचा करार झाला, एप्रिल २०१३ मध्ये काम सुरू झाले, आणि बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरना मागे टाकून एक हजार मीटर ओलांडणारी ही वास्तू २०१८ च्या आरंभी साठेक मजल्यांवर थांबली, ती जवळपास सात वर्षे.

आता अशा प्रसंगी नोटीस बजावावी, असे कोणीही सुचवील. परंतु नोटीस पाठवणाऱ्या जेद्दा इकॉनॉमिक कंपनीत कंत्राटदार समूहाचाच सुमारे सहावा हिस्सा होता. त्यामुळे नोटिशीचा काही अंश पाठवणाऱ्याच्याच पत्त्यावर परत यावा, अशी ही रचना होती. विलंब दंडाचे कलमही फारसे उपयोगाचे नसते, कारण विलंब दंड म्हणजे ठरलेल्या तारखेनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी वा आठवड्यासाठी बिलातून कापली जाणारी, आधीच ठरवलेली रक्कम. ती बिले निघत असतात तोवर कापता येते, आणि बिलेच थांबली की कापायचे कशातून, हे करारनामा सांगत नाही. उरते ती मुदतवाढ, म्हणजे विलंबाचे कारण कंत्राटदाराच्या हाताबाहेरचे, अथवा मालकाच्याच पदरचे असल्यास दंडाविना वाढवून दिलेला काळ.

कारणांची मात्र येथे टंचाई नव्हती. २०१४ पासून तेलाचे भाव घसरले आणि सरकारी कामांची देणी तुंबली. सप्टेंबर २०१५ मध्ये मक्केच्या मशिदीत समूहाच्या कामावरील क्रेन कोसळून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि समूहावर नवी कामे घेण्याची बंदी आली. नोव्हेंबर २०१७ मधील भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत प्रकल्पामागचे राजपुत्र अल्वलीद बिन तलाल आणि समूहाचे अध्यक्ष बक्र बिन लादेन हे दोघेही स्थानबद्ध झाले. आढावा बैठकीला दोन्ही पक्षांचे प्रमुख एकाच वेळी उपलब्ध नसतात, ही कोणत्याही साइटवरची जुनी तक्रार आहे. येथे ते एकाच वेळी अनुपलब्ध झाले, हे समन्वयाचे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

यापुढील कृती अधिक अभ्यसनीय आहे. २०२३ मध्ये उर्वरित कामासाठी इतर कंत्राटदारांना विचारणा झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काम पुन्हा त्याच समूहाकडे गेले, तेही पूर्वी झालेले काम हिशेबात धरून सुमारे ७.२ अब्ज रियालना. यात हसण्यासारखे वाटते तेवढे नाही. दुसऱ्याने ओतलेल्या साठ मजल्यांच्या काँक्रीटवर आणखी शंभर मजले चढवायचे, तर पुढे तडा गेल्यास तो कोणाचा, हा दोषदायित्वाचा, म्हणजे काम संपल्यानंतर उघड होणाऱ्या उणिवा स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या बांधिलकीचा प्रश्न नव्या माणसाला परवडत नाही. अर्धवट काम ही अशा रीतीने कंत्राटदाराची खरी अनामत ठरते, फरक इतकाच की ती मालकाच्या जागेत उभी असते. याउलट मार्ग पाहायचा असल्यास विकासक महाशयांनी कोकणात यावे. योगायोगाने २०११ मध्येच चौपदरीकरण सुरू झालेल्या पनवेल–इंदापूर टप्प्यासह मुंबई–गोवा महामार्गावर कंत्राटदार बदलून पाहण्यात आले. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांनी तारखा दिल्या, आणि गणपतीला निघालेला चाकरमानी दरवर्षी त्या तारखांवरून हिंदकळत गावी पोहोचला. कंत्राटदार ठेवला काय नि काढला काय, तारखेला त्याचे सोयरसुतक नसते.

एका पक्षाचा उल्लेख मात्र दोन्ही करारनाम्यांच्या भाषेत बसत नाही. २०१६ मध्ये याच समूहाने हजारो कामगार कमी केले आणि थकलेल्या पगारांवरून मक्केत बसगाड्या जळाल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले, जेद्द्यातील भारतीय वाणिज्य दूतावासाला त्यांच्या छावण्यांत शिधा पोहोचवावा लागला, आणि परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तेथे जावे लागले. या कामगारांना घरीही परतता येत नव्हते, कारण इकामा, म्हणजे वास्तव्याचा परवाना, मालकाने नूतनीकृत करायचा आणि देश सोडण्याची परवानगीही त्यानेच द्यायची, अशी तेव्हाची व्यवस्था होती. कंत्राटदाराला विलंबाबद्दल मुदतवाढ मिळते, विकासकाला बँकेकडून मिळते. घरी हप्ता थकलेल्या सुताराला वा फिटरला ती मिळत नाही.

जानेवारी २०२५ पासून मजले पुन्हा चढू लागले असून काम २०२८ मध्ये पूर्ण होईल, असे विकासक महाशयांनी जाहीर केले आहे. ती तारीखही पुढे गेल्यास, कामगाराने आपल्या कर्जाच्या मुदतवाढीचा अर्ज कोणत्या नमुन्यात आणि कोणाच्या कार्यालयात द्यावा, एवढे उलट टपाली कळवण्याची कृपा व्हावी.

कळावे, लोभ असावा.