तर्जनीचे समाधान

रुग्णाला घरी सोडताना त्याचे मत विचारून त्या मताचे गुणांत रूपांतर करणे, या क्रियेस 'रुग्णसमाधान सर्वेक्षण' असे म्हणतात. पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक परिसरातील खासगी रुग्णालयांत या शास्त्राची प्रगती बिलाच्या खिडकीशेजारच्या टॅबपर्यंत झाली असून, त्यावर रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच पिवळे चेहरे ओळीने बसवलेले असतात आणि खाली 'कृपया तर्जनीने स्पर्श करा' अशी नम्र सूचना असते.

अडचण तर्जनीची आहे. या पट्ट्यातील कित्येक रुग्ण पॉवर प्रेसवरून, म्हणजे पत्र्यावर डाय आपटून त्यातून गाडीचे सुटे भाग काढणाऱ्या यंत्रावरून, थेट आलेले असतात. सुरक्षेचा सेन्सर बंद आणि टार्गेट चालू अशा अवस्थेत त्यांची तर्जनी डायखाली सापडलेली असते. टॅबसमोर उभे राहताना ती बँडेजमध्ये असते किंवा नसतेच. अशा वेळी डावा अंगठाही चालतो, कारण संमतिपत्रावरही तोच चाललेला असतो.

कायदा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेल्या परिशिष्टानुसार अख्खी तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता 14 टक्के, दोन पेरे गेल्यास 11, एक पेर गेल्यास 9 आणि हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेल्यास 5 टक्के घटली असे धरले जाते. पेरापेराचा असा हिशेब एकीकडे तयार असताना रुग्णालयाचा दर्जा मात्र चादरीची घडी, चहाची ऊब आणि स्वागतकक्षातील अदब यांवर ठरतो. तुटलेले पेर स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवली होती का. ते जोडणारा मायक्रोसर्जन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवणारा शल्यविशारद, उपलब्ध होता का. नसल्यास रुग्णाला पुढे पाठवण्यात किती वेळ गेला आणि त्यातला किती तळेगाव चौकातील कोंडीत गेला. डिपॉझिट भरेपर्यंत कोण कोणाची वाट पाहत होते. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात दरमहा होत असताना ठेकेदाराने कामगाराला खासगीतच का आणले. यांपैकी एकही प्रश्न त्या पडद्यावर नसतो. का असावा? उत्तरे सुपरवायझरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहेत, आणि तोंडपाठ उत्तरांचे प्रश्न विचारले की कोणाचा तरी परवाना, कोणाचे तरी कंत्राट अडचणीत येते. चहा गरम होता म्हणे! ज्याच्या उजव्या हाताला कप धरवत नाही त्याला चहाचे तापमान विचारण्याचा निर्लज्जपणा कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात, हे एकदा जाहीर व्हावे.

समाधान आणि उपचार यांचा संबंध सरळ नाही, हे अन्यत्र तपासले गेले आहे. 2012 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, 50 हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सर्वाधिक समाधानी गटाचा खर्चही जास्त आढळला आणि मृत्यूचे प्रमाणही. अर्थात मृतांना पुन्हा टॅबपुढे उभे करता येत नाही, त्यामुळे सरासरी बिघडत नाही.

शिवाय बहुतेकदा स्पर्श करणारी तर्जनी रुग्णाची नसतेच. फाइल, बिल आणि घाई ही तिन्ही ज्याच्या हाती असतात तो ठेकेदाराचा माणूस पाचवा चेहरा दाबून मोकळा होतो, आणि त्याचे समाधान खरेच असते, कारण त्याची दहाही बोटे जागेवर असतात.

रुग्णालयांनी तो टॅब काढावा आणि त्याच खिडकीवर दरमहा तीन आकडे लावावेत: किती बोटे आली, किती जोडली, किती तासांत.