घाट काळा करीत वडूजला

लग्न वडूजला होतं आणि जायचं होतं दाजींच्या डिझेल गाडीतून. गाडी पंधरा वर्षं पुरी करून फेरनोंदणी झालेली. तेव्हापासून दाजी तिला 'नवीनच' म्हणतात.

साताऱ्याहून कोरेगावपर्यंत रस्ता सरळ, म्हणून इज्जत राहिली. पुढे वर्धनगडचा घाट लागला आणि आरशातलं जग नाहीसं झालं. मागचा मोटारसायकलवाला, झाडं, वळणाचा दगड, सगळं काळ्या पडद्याआड. दाजी आणखी जोरात पाय दाबू लागले. पेट्रोल गाडीत पाय दाबला की हवाही वाढते. असल्या जुन्या डिझेल गाडीत पायाशी नातं फक्त डिझेलचं. हवा इंजिन ओढेल तेवढीच. ती वीस-बावीस पट दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. हवा मिळाली ते जळतं, उरतं त्याची काजळी होते. थोडक्यात, दाजी घाट चढत नव्हते, रंगवत होते.

"दाजी, पीयूसी आहे ना?"

"हाय की. पासष्टच्या आत."

डिझेलचा धूर हार्टरिज एककात मोजतात आणि या पिढीच्या गाड्यांना ६५ची मर्यादा. पण ती तपासणी गाडी न्यूट्रलला ठेवून, नुसती रेस करून होते. तिथं घाट नसतो, पाहुणे नसतात, आणि मागच्या सीटवर अक्का नसते.

पुसेगावात चहाला थांबलो. इथल्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढतात. आमच्या रथावर निदान चढले. "रिंगा गेल्यात, इंजिन उतरवा," एक म्हणाला. दुसऱ्याच्या मते डिझेलात भेसळ. वास्तविक रिंगा गेल्या तर ऑइल जळून धूर निळा येतो, न पेटलेल्या डिझेलचा पांढरा. आमचा तर काजळासारखा. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, की १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं.

"शेंगतेलाचा भाव ठाऊक हाय का तुला?" अक्का म्हणाली. चर्चा संपली.

तालुका खटाव, आपण खटाव गावही ओलांडतो, पण कचेरी मात्र पुढं वडूजला. गाडीच्या रोगाचंही तसंच. धूर मागं दिसतो म्हणून सगळे सायलेन्सरपाशी वाकून बघतात आणि भानगड असते पुढं, बॉनेटखाली.

वडूजच्या मिस्त्रींनी सायलेन्सरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एअर फिल्टर बाहेर काढून फरशीवर आपटला. माण-खटावच्या उन्हाळ्याची अख्खी धूळ त्यातून पडली. धूळ संपल्यावर उंदराचं घर पडलं, कापूस आणि लग्नपत्रिकेच्या तुकड्यांसकट.

"कुणाच्या लग्नाची?" अक्कानं विचारलं.

फिल्टर न लावता क्षणभर रेस दिली. धूर निम्मा झाला. मग मिस्त्रींनी चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करून पाहिला. नट सैल झाला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. जिथं तुटल्यावर धूर घटेल ते नोझल आजारी, कारण ते फवारायचं सोडून टपकत असतं. तिसऱ्याला धूर घटला. मी कौतुकानं बघत होतो. एवढ्या सरळ रीतीनं चौकशी घरातल्या भांडणात कधी होत नाही.

मग ते पंपाकडे वळले आणि थांबले.

"हे सील कुणी तोडलं?"

जास्तीत जास्त किती डिझेल जावं ते ठरवणारा स्क्रू पंपावर असतो. कंपनी तो सील करून देते. दाजी आभाळाकडे बघायला लागले. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं 'पिकअप वाढवून' दिला होता, असं थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून निघालं. पिकअप वाढला तो दोन बोटं. बाकीचं डिझेल काजळी होऊन बाहेर.

"किती दिलं त्याला?" अक्का.

"चहा पाजला."

"नुसता?"

दाजींनी पुन्हा आभाळ धरलं.

मिस्त्रींनी स्क्रू मागं घेतला, नवा फिल्टर घातला, नोझल पंपवाल्याकडे दाबावर तपासायला धाडलं. लग्न तोवर लागून गेलं. आम्हाला शेवटची पंगत मिळाली आणि दाजींच्या सदऱ्यावरच्या काजळीकडे बघून वाढप्यानं त्यांना आचाऱ्यांच्या रांगेत बसवलं. बिल इतकं कमी झालं की दाजींचा अपमानच झाला. ते इंजिनकामाच्या तयारीनं आले होते.

परतताना पुसेगावात अक्कानं बटाट्याचं पोतं घेतलं. वर्धनगडच्या चढाला आरशात सगळं लख्ख दिसत होतं. मागं साठलेली वाहनांची रांगसुद्धा. दुसऱ्या गिअरमध्ये दाजी कण्हत म्हणाले, "गाडीत वजन झालंय."

अक्कानं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोतं तिनं पैसे मोजून घेतलेलं होतं.