मंद श्रोत्याचा मान
मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडण्यासाठी १९७५ साली आयईईई-४८८ हे मानक ठरले, तेव्हा हस्तांदोलनासाठी, म्हणजे प्रत्येक बाइट पोचल्याची खातरजमा करण्यासाठी, तीन तारा राखल्या गेल्या आणि सर्वांत मंद श्रोत्याची (बाइट घेणाऱ्या उपकरणाची) पोच मिळेपर्यंत वक्त्याने (पाठवणाऱ्याने) पुढचा बाइट काढू नये, असा दंडक घातला गेला. इतके सौजन्य विधिमंडळातही दुर्मीळच. १९८७च्या ४८८.२ या मानकाने तर ‘काम संपले का?’ असे विचारण्याची आज्ञाही दिली, जिला उपकरण काम उरकल्यावरच ‘१’ असे उत्तर देते. तरीही पुष्कळ प्रोग्रामर विचारण्याचा कमीपणा पत्करत नाहीत; ते आज्ञा पाठवून दोन सेकंद थांबतात, आकडे चुकले की पाच सेकंद थांबतात आणि या वाढत्या विश्रांतीलाच विश्वासार्हता म्हणतात (केबल बदलण्याचा विधी त्यानंतरचा).