पारावरची मारुती

अवसरी बुद्रुकात जुनी गाडी दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे मालक ठरवत नाही, पार ठरवतो. "तात्या, किती दिवस हे खटारं ढकलणार?" असं हिणवणारा भाचा मंचरला जायचं म्हटलं की त्याच खटाऱ्याची पुढची सीट धरतो.

तात्यांची मारुती ८०० आहे १९९८ ची. कंपनीनं २०१४ साली हे मॉडेल बनवणंच थांबवलं, सरकार मात्र तिला विसरलेलं नाही. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ६०० रुपये २०२२ मध्ये ५,००० झाले. विशी ओलांडलेल्या गाडीला २०२५ पासून १०,०००. म्हातारपणी माणसाला पेन्शन, गाडीला पट्टी!

त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. आपण ऊस पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला घालायचा, देशाच्या इंधनस्वावलंबनाची भाषणं ऐकायची आणि मग जुन्या गाडीचे रबरी पाइप बदलायला मेस्त्रीच्या दारात बसायचं. मेस्त्रीही हुशार. बॉनेट उघडून आधी तात्यांचा चेहरा बघतो, मग कार्बोरेटर. "इंजिन उतरवू, की नुसतं साफ करून देऊ?" यंदा कांद्याला भाव काय मिळाला, हे त्याला त्या उत्तरावरून कळतं.

नवी घ्यावी, तर हप्ता सात वर्षांचा आणि बाजारभाव सात दिवसांचा.

शेवटी तात्यांनी मधला मार्ग काढला. नियमाप्रमाणे नवीकोरी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली. गाडीत चोरण्याजोगं आता तेवढंच आहे.